गुजरीतले जिन्याखालचे पटवेकरी: साडेचार तारे, अर्धा कापलाय तो पावतीसाठी

आधीच सांगते, या दुकानाला पाटी नाही. दुकान म्हणणंसुद्धा जरा जास्तच होईल. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, शिरलं की काचेच्या दारांमधनं एक बोळ आत जातो. त्या बोळात लाकडी जिन्याखाली जेमतेम चार फूट जागा आहे, तिथं साठीचे एक गृहस्थ मांडी घालून बसतात. वर लाल रेशमी गोंड्यांचा घोस टांगलाय, तीच खूण. नाव लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "नको. गर्दी झाली तर काम कुणी करायचं?" म्हणून लिहीत नाही. गुजरीत कुणालाही "जिन्याखालचे गाठवणारे" म्हणून विचारा, चहावाला पोरगा दारापर्यंत आणून सोडतो.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खोड गेलेली नाही. हॉटेलात बिल आलं की आधी बेरीज करते, पेट्रोल पंपावर शून्य बघितल्याशिवाय गाडीवर बसून राहत नाही. सुनेला याची लाज वाटते. तेव्हा हे परीक्षण जरा ऑडिट रिपोर्टाच्या वळणावर जाईल, सांभाळून घ्या.

पटवेकरी सोनं घडवत नाही. घडवलेलं ओवतो. मंगळसूत्राची पोत, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, साज, असं काहीही दोऱ्यातलं असलं की त्याच्याकडं. दोरा कुजतो, घामानं कडक होतो, तुटतो. मग सगळं सोडवून पुन्हा गाठवायचं. आता बरेच दागिने तारेत आणि साखळीत आले, त्यामुळं या धंद्यात नवी पोरं उतरत नाहीत. पण कोल्हापुरात साज आहे तोवर पटवेकरी लागणार.

आमचा साज सासूबाईंचा, एकवीस पानांचा. पानं म्हणजे मण्यांमध्ये ओवलेली बारकी पदकं. मासा, कासव, शंख, चंद्र, भुंगा, नाग, कारलं, वाघनख, सगळी पानं जागच्या जागी. भाच्याच्या लग्नात अक्षतांच्या वेळी दोरा तुटला आणि कार्यालयाच्या सतरंजीवर मणी उधळले. मी आणि नणंदबाईंनी हाताला लागले तेवढे वेचून रुमालात बांधले. हा झाला इतिहास.

साज मोठा दिसतो, पण साजाचे जवमणी, म्हणजे जवाच्या दाण्यासारखे मणी, भरीव सोन्याचे नसतात. वर सोन्याचा पत्रा, आत लाख. म्हणून तर एवढा भरघोस दागिना आमच्यासारख्यांच्या ऐपतीत बसला. पण मेख तिथंच आहे. काट्याला लाख आणि सोनं यातला फरक कळत नाही. दागिना विकताना लाखेचं वजन वजा धरलं का, मोडीत घेताना किती वजा धरलं, दोऱ्याचं काय केलं, हे सगळं समोरचा सांगेल ते. आपण मान डोलवायची. एवढ्या सगळ्या सैल जागा असलेल्या धंद्यात हा माणूस कसा काम करतो ते बघण्यासारखं आहे, म्हणूनच लिहायला बसले.

रुमाल पुढं केला तर त्यांनी हात लावला नाही. समोर उंच कडांचा काळ्या मखमलीचा ट्रे होता, तो माझ्याकडं सरकवला. "तुमीच सोडा ताई. आन् तुमीच मोजा." मी पानं मोजली, एकवीस. मणी मोजले, एकोणपन्नास. मग त्यांनी मोजले. मग नणंदबाईंना मोजायला सांगितले. त्या वैतागल्या. "अहो, आम्ही काय तुमच्यावर संशय घेतोय होय?"

"घ्या की. सोन्याचं काम हाय."

असं उत्तर मी उभ्या नोकरीत ऐकलं नाही.

एकोणपन्नास म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. साजात दोन पानांच्या मध्ये दोन मणी, म्हणजे वीस फटींत चाळीस. बाजूंना सहा-सहा, ते बारा. बावन्न व्हायला पाहिजेत. "तीन कमी हाईत. रुमाल झटका बघू." रुमालाच्या दुमडलेल्या शिवणीत एक सापडला. मी घरी दोनदा बघितला होता तो रुमाल. राहिले दोन, ते सतरंजीत गेले ते गेलेच.

मग वजन. वजनाआधी पंखा बंद केला. मे महिन्याचा उकाडा, जिन्याखालची जागा, तरी बंद. वाऱ्यानं काट्यावरचा शेवटचा आकडा हलतो म्हणून. पेटीतनं दहा ग्रॅमचं वजन काढून माझ्या हातात दिलं, "ठेवा, आधी काटा तपासा." १०.०००. काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का, शेजारी भिंतीवर पडताळणीचं प्रमाणपत्र चिकटवलेलं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो. मी सवयीनं तारीख बघितली. चालू होती. त्यांनी मला तारीख बघताना बघितलं आणि काही बोलले नाहीत.

पानं आणि मणी मिळून ३६.८२० ग्रॅम. हे सगळं कार्बन घालून वहीत लिहिलं: पानं २१, मणी ५०, वजन ३६.८२०, पुढं कंसात "लाखेसकट, दोरा सोडून". खाली त्यांची सही, माझी सही. वरची चिठ्ठी माझ्याकडं. जुना दोरा वेगळा तोलून कागदाच्या पुडीत बांधला आणि तोही माझ्या हातात दिला. म्हटलं, हा कुजका दोरा घेऊन मी काय करू? तर म्हणाले, जुन्या दोऱ्याला सोनं लागलेलं असतं, घासून घासून. गुजरीतला केरसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी धुऊन त्यातनं सोनं काढतात. "दोरा तुमचा, त्याला लागल्यालं बी तुमचंच. टाकायचा तर घरी टाका."

आता दोन मणी कुठून आणायचे? त्यांच्या मागच्या फळीवर एक पितळी डबी आहे. तिच्यात कापसावर चार-पाच मणी, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली तारखेची बारकी चिठ्ठी. काम करताना घरंगळून फटीत गेलेले, नंतर झाडताना सापडलेले. आमच्या नणंदबाई इचलकरंजीच्या, व्यवहाराला पक्क्या. "त्यातलेच दोन घाला की, पैसे देतो."

"ते दुसऱ्याचं हाईत, वैनी."

"कोण दुसरा? येणार आहे का तो?"

"न्हाई आला तरी दुसऱ्याचंच."

विषय संपला. मग मी विचारलं, चांगलं दुकान कुठलं ते तरी सांगा. तेही सांगितलं नाही. एखाद्या दुकानात गिऱ्हाईक पाठवलं की महिन्याभरात त्या दुकानातनं कुणीतरी पाकीट घेऊन येतं आणि मग त्यांचा माल वाईट आहे असं म्हणता येत नाही, एवढंच बोलले. डॉक्टर आणि लॅब, वकील आणि सावकार, आर्किटेक्ट आणि टाइल्सवाला, सगळीकडं हेच चालतं हे आपल्याला माहीत असतं. कुणी आपण होऊन त्यातनं बाहेर बसलेला बघितला नव्हता.

मणी घेताना मला एक गोष्ट लख्ख कळली, ती सगळ्यांसाठी सांगते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कुठल्या केंद्रात तपासला, किती शुद्ध, सगळं दिसतं. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, शंभरात ९१.६ भाग सोनं. चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला ही सक्ती लागू नाही. माझे दोन मणी मिळून ०.३१० ग्रॅम. म्हणजे कायद्याचं जाळं जिथं संपतं, बरोबर त्याच्या खाली माझा मणी. तिथं सराफाचा शब्द आणि पक्कं बिल, एवढंच हातात. काउंटरवरच्या मुलानं विचारलंच, "बिल पाहिजे का मॅडम? नको असेल तर तीन टक्के वाचतील." पाहिजे म्हटलं. बिलावर कॅरेट लिहून घेतला, लाखेचं वजन वेगळं लिहून घेतलं. त्याला हे लिहायची सवय नव्हती, मॅनेजरला विचारायला गेला. नणंदबाई दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

परत आलो तोवर साज अर्धा गाठवून झाला होता. हे हातकाम बघत बसावं असं आहे. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, दुसरं दातात. मेण लावून पीळ द्यायचा, मणी सरकवायचा, पान बसवायचं, नखानं दाबून गाठ पक्की करायची. प्रत्येक पानामागं तीच गाठ, एकाच मापाची. दोन नवे मणी त्यांनी मागच्या बाजूला, गोंड्याजवळ घातले, कारण नव्या पत्र्याची झाक जरा पिवळी दिसते. हे त्यांनी न विचारता केलं.

मध्येच गुजरीतल्याच एका दुकानाचा पोरगा आला. कुठल्या ते लिहिणार नाही. हातात ठुशीच्या मण्यांचा डबा. म्हणाला, "काका, दोरा जरा जाड घाला. डबल घाला. शेठ म्हणाले."

हे का, ते मला लगेच कळलं. तयार दागिना काट्यावर टाकला की दोऱ्याचंही वजन येतं. सोन्याचा तोळा लाखाच्या वर गेलाय. दोरा अर्धा ग्रॅम जाड झाला आणि तो सोन्यात धरला गेला तर पाच हजार रुपये झाले. दोरा असतो काही रुपयांचा.

आता इथं मला वाटलं भांडण होणार, किंवा हे पोराला चार उपदेशाचे शब्द सुनावणार. तसलं काही नाही. "घालतो की," म्हणाले, "किती बी जाड घालतो. चिठ्ठीवर दोऱ्याचं वजन लिवणार. एक चिठ्ठी डब्यात बांधून देणार, शेठला सांग." पोरगा थोडा वेळ उभा राहिला. फोन लावला. मग म्हणाला, "नेहमीचाच घाला."

मी ऑडिटला असताना असा एक माणूस प्रत्येक संस्थेत असता तर माझ्या निम्म्या फायली कोऱ्या राहिल्या असत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका तालुक्याच्या गावची पतसंस्था, भिंतीवर फ्रेम करून लावलेला "ऑडिट वर्ग अ". दारात संस्थापकांचा हार घातलेला फोटो, आत दोन माणसांच्या उंचीची तिजोरी. सोनेतारण कर्ज भरपूर. पद्धत अशी की कर्जदार दागिना आणतो, संस्थेच्या पॅनेलवरचा सराफ कसोटीवर घासून दाखला देतो, त्याला दर कर्जामागं फी मिळते. मग दागिना पाकिटात, पाकिटावर कर्जदाराची, सराफाची, शाखाधिकाऱ्याची सही आणि वर लाखेचं सील. कागद इतके चोख की बघून डोळे निवावेत. मी म्हटलं, काही पाकिटं उघडू. शाखाधिकारी हसले. "मॅडम, सीलबंद आहेत. फोडायची कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?"

पंच बोलावले, फोडली. बांगडीवर कानस मारली तर खाली तांबं.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. सहकार कायदा १९६० चा, कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं. त्याला किती काळ लागला ते विचारू नका. काही ठेवीदार तोवर वारले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, तेसुद्धा २०२० पासून, त्याआधी एकच लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही, आजही नाही. लोक ठेवतात ते चेहरा बघून. चेहरा चांगलाच होता.

माझ्या नोकरीत उघड चोर थोडे भेटले. "आमच्यावर विश्वास नाही का" असं विचारणारे मात्र भरपूर. विश्वासाचा विषय आधी काढतो त्याच्या तिजोरीकडं आधी जायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, आपोआप कळत गेलं. आणि हे जिन्याखालचे गृहस्थ म्हणतात, "घ्या की संशय." देवाची शपथ नाही, आमच्या तीन पिढ्या नाहीत, कपाळाला गंधही नाही. फक्त मोजण्याची सोय करून ठेवलीय, आणि ती गिऱ्हाइकाला वापरायला लावतात. भ्रष्टाचार गेला पाहिजे असं म्हणणारी भाषणं मी खात्याच्या दक्षता सप्ताहात खंडीभर ऐकली. तिथं शपथ सगळ्यांनी हात पुढं करून घेतलेली असायची, घेणाऱ्यांनीसुद्धा.

एक आठवण राहवत नाही म्हणून सांगते. बाई ऑडिटर आली की तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची गोड पद्धत. एका दूध संस्थेत शेवटच्या दिवशी चेअरमनच्या सौभाग्यवतींनी हळदकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली, आणि खणाच्या घडीत पाकीट. अशा वेळी पाकीट परत करायचं म्हणजे सवाष्णीचा अपमान. तेच तर त्यातलं कसब. मी नारळ-तांदूळ घेतले, कॅशियरला हाक मारली आणि पाकिटातली रक्कम संस्थेच्याच किर्दीला "संकीर्ण जमा" करायला लावली, पावती सौभाग्यवतींच्या नावानं. त्यांनी पावती घेतली, दुसरं काय करणार! चेअरमन मात्र पुढं कधी भेटले की तोंड फिरवून जायचे. आता कायदा आणखी कडक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं. लाचलुचपत प्रतिबंधकचा १०६४ हा क्रमांक बऱ्याच कचेऱ्यांच्या भिंतीवर रंगवलेला असतो, बहुतेक वेळा कपाटामागं.

असो. साज झाला. पुन्हा पंखा बंद, पुन्हा ट्रे. हिशेब असा: आधीचे ३६.८२०, नवे मणी ०.३१०, मिळून ३७.१३०. नवा दोरा आणि गोंडा ओवायच्या आधीच तोलून ठेवलेला, १.२४०. एकूण यायला पाहिजे ३८.३७०. काट्यावर आलं ३८.३६०.

दहा मिलिग्रॅम कमी.

मी म्हटलं, जाऊ द्या. खरंच म्हटलं. त्या दिवशीच्या भावानं सोनं धरलं तरी शंभर-सव्वाशे रुपये, आणि दोन तास उकाड्यात बसून मला तहान लागली होती. त्यांनी ऐकलं नाही. चष्मा बदलला, ट्रे उन्हाच्या तिरपीत धरला. मखमलीच्या कोपऱ्यात लाखेचे दोन काळपट कण होते, एका जुन्या मण्याच्या भोकातनं गळालेले. ओल्या बोटाच्या टोकानं उचलून काट्यावर ठेवले. ०.०१०. तेव्हा पंखा लावला.

ताळेबंद जुळेना म्हणून रात्री दिवा लावून बसलेल्या माणसालाच हे सुख कळेल. नणंदबाईंना कळलं नाही. "त्या लाखेचं काय लोणचं घालायचंय?" त्या म्हणाल्या. ते कणही पुडीत बांधून मिळाले.

मजुरी साडेतीनशे. त्यात गोंडा आला.

आता उणिवा, कारण आहेत.

एक म्हणजे दागिना रात्री ठेवून घेत नाहीत. काम समोर बसून करून घ्यायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचं, होत नसेल तर दुसऱ्या दिवशी या. कारण विचारलं तर, "घरात सोनं असलं की झोप लागत न्हाई." मला पटलं, पण ज्यांना कोल्हापुरात दुपारी येऊन दुपारीच जायचंय त्यांची पंचाईत होते. बसायला एकच स्टूल, तेही तीन पायांवर डुलतं. नणंदबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि वरून खाली येणाऱ्या प्रत्येकाला उठून वाट देत राहिल्या. फोन उचलत नाहीत. उचलणार कसे, दोरा दातात असतो. नव्या पद्धतीचं काही, मोती-बिती घालून फॅन्सी, हवं असेल तर इथं जाऊ नका, तोंडावर नाही म्हणतात, आणि म्हणण्याची पद्धत गोड नाही. बोलणं एकूणच तुटक. "या बसा, चहा घ्या" वगैरे सराफी अगत्य अपेक्षू नका.

आणि अर्धा तारा ज्यासाठी कापला ते: मजुरीची पावती देत नाहीत. दागिन्याची चिठ्ठी इतकी काटेकोर, आणि स्वतःच्या साडेतीनशेची नोंद नाही! मी तसं बोलून दाखवलं. म्हणाले, "माझी उलाढाल ती केवढी?" खरंय, सेवेला वर्षाला वीस लाखांच्या आत जीएसटी नोंदणीचीही गरज नाही, यांचे तर त्याच्या आसपासही होत नसतील. कायद्यानं ते चुकत नाहीत. पण घेतलेल्या पैशाची पावती फाडायची, हा माझा आयुष्यभराचा आग्रह. तो मी एका चांगल्या माणसासाठी सोडणार नाही. त्याच वहीत खाली एक ओळ वाढवली तरी भागेल. सुचवलंय. "बघू," म्हणालेत.

नणंदबाईंचं मत वेगळं आहे आणि परीक्षणात तेही यावं असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या इथला माणूस संध्याकाळी दागिना ठेवून घेतो, सकाळी घरपोच देतो, पन्नास रुपये कमी घेतो आणि वर चहा पाजतो. मी विचारलं, ठेवताना मणी मोजून देता का? त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांचा माणूस, त्याच्यासमोर मोजत बसू?" त्यांचा दागिना, त्यांचा माणूस. मी काही बोलले नाही, पण रिक्षात बसल्यावर त्यांनी पिशवीतनं स्वतःची बोरमाळ काढली आणि मणी मोजायला लागल्या. किती भरले ते मला सांगितलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी बारानंतर जा, सकाळी ते दुकानांची कामं उरकतात. शुक्रवारी आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी महाद्वारापासून अंगावर येते, टाळा. गाडी बिंदू चौकात लावून भवानी मंडपातनं चालत या, गुजरीत लावायचं धाडस करू नका. दागिना रुमालात नेऊ नका, झाकणाच्या डबीत न्या, आणि निघण्याआधी घरी एकदा मोजा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. चिठ्ठीवर सही करण्याआधी ती नीट वाचा. न वाचता केलीत तर कार्बनसकट कागद परत घेतात, खोडतात आणि नव्यानं लिहून पुन्हा वाचायला लावतात.